कुर्ल्याच्या मोटारीमागचा माणूस

मुंबईच्या रस्त्यांवरची अखेरची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सेवेतून बाहेर पडली. वीस वर्षांची वयोमर्यादा संपली आणि सुमारे सहा दशके या शहराची ओळख बनून राहिलेली ती काळी-पिवळी गाडी इतिहासजमा झाली. तिच्याविषयी त्या आठवड्यात पुष्कळ लिहिले गेले. छतावरचे सामान, स्टिअरिंगलगतचा गिअर, मागच्या सीटवर चौघे कसे मावत असत, हे सारे आठवून झाले. ज्याच्या धडपडीतून कुर्ल्याचा कारखाना उभा राहिला त्या वालचंद हिराचंद यांचे नाव मात्र ओझरतेच आले. पण खुद्द वालचंदांनीही ही गाडी पाहिली नव्हती. पद्मिनीची पूर्वज असलेली फियाट ११०० कुर्ल्यातून बाहेर पडू लागली १९५४ मध्ये आणि वालचंद ८ एप्रिल १९५३ रोजी हे जग सोडून गेले होते.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा, सोलापूरचा. घराणे मूळचे गुजरातमधले, दिगंबर जैन. वडील हिराचंद नेमचंद दोशी कापसाचा व्यापार आणि सावकारी करीत. व्यापारी असूनही त्यांना ग्रंथांची आणि समाजाच्या शिक्षणाची ओढ होती. वालचंद तान्हे असतानाच आई गेली. सोलापुरात शालेय शिक्षण, मग मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज असा प्रवास झाला, पण पदवी हाती आली नाही. प्लेगचे दिवस होते. घरात मृत्यूने ठाण मांडले होते आणि तरुण वालचंदांना पेढीवर बसावे लागले. पेढीवर त्यांचे मन रमले नाही आणि नशीबही रमले नाही. ज्वारीच्या व्यापारात त्यांनी बऱ्यापैकी पैसा घालवला. भाव चढण्याची वाट पाहत गादीवर बसणे हा त्यांचा पिंडच नव्हता. काहीतरी उभे राहताना दिसले पाहिजे, ही त्यांची भूक होती.

ती भूक भागवण्याचा मार्ग दाखवला लक्ष्मणराव फाटक नावाच्या एका माजी रेल्वे कारकुनाने. फाटकांना रेल्वेच्या कामांची खडान्‌खडा माहिती होती, पण भांडवल नव्हते. वालचंदांकडे घरचे भांडवल होते, पण ते कुठे लावावे हे कळत नव्हते. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी फाटक-वालचंद ही भागीदारी जन्माला आली. बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी ते तडवळे या सात मैलांच्या टप्प्याचे काम त्यांना मिळाले. ब्राह्मण कारकून आणि जैन सावकारपुत्र यांनी मिळून मातीकामाची कंत्राटे घ्यावीत, ही त्या काळच्या सोलापुरात चर्चेची गोष्ट ठरली असल्यास नवल नाही. पुढे हा धंदा टाटांच्या साथीने वाढला. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे, मुंबईला पाणी आणणारी तानसाची जलवाहिनी, सिंधू नदीवरचा कालाबागचा पूल अशी कामे वालचंदांच्या कंपन्यांनी केली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. एवढ्यावर थांबले असते तरी वालचंद श्रीमंत कंत्राटदार म्हणून सुखाने जगले असते.

पण पहिले महायुद्ध संपताच त्यांनी जहाज घेतले. ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानाने युद्धकाळात रुग्णालय म्हणून वापरलेले ‘लॉयल्टी’ हे जहाज विक्रीला निघाले होते. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्यासह वालचंदांनी ते विकत घेतले. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी हे भारतीय मालकीचे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. हीच तारीख आज राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळली जाते. जहाज जुने होते, फायद्याचे मुळीच नव्हते, आणि चारच वर्षांत ते मोडीत निघाले. पण सिंदिया टिकली. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने भाड्याचे दर पाडून तिला बुडवण्याचा यत्न केला, तडजोडीच्या करारांनी तिचे हात बांधले, तरी ती टिकली. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी गेल्यानंतर अध्यक्षपद वालचंदांकडे आले आणि पुढची वीस-एकवीस वर्षे त्यांच्याकडेच राहिले.

सिंदियाच्या लढ्यातून वालचंद जो धडा शिकले तोच पुढे मोटारीच्या प्रकरणात त्यांना उपयोगी पडला आणि त्यातच त्यांचा घातही झाला. परकी कंपनी भांडवलाने मोठी असते म्हणून जिंकते असे नाही. सरकार तिच्या पाठीशी असते म्हणून जिंकते. तेव्हा देशी उद्योग उभा करायचा तर सरकार आपल्या बाजूचे हवे, निदान आडवे येणारे नको. वालचंद फिक्कीच्या स्थापनेत होते आणि पुढे तिचे अध्यक्षही झाले. काँग्रेसच्या नेत्यांशी त्यांचा घरोबा होता. त्याच वेळी सरकारी कंत्राटेही ते घेत होते. या दोन्ही गोष्टी त्यांना परस्परविरोधी वाटत नसत. टीकाकारांना वाटत.

मोटारीची कल्पना मूळची वालचंदांची नव्हती. ती सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची. मोटार कारखाना म्हणजे पोलाद, रबर, काच, रंग, विजेची उपकरणे अशा शेकडो धंद्यांची जननी, हे या द्रष्ट्या अभियंत्याने ओळखले होते. १९३५ मध्ये सत्तरी ओलांडलेले विश्वेश्वरय्या युरोप-अमेरिकेतील कारखाने पाहून आले आणि त्यांनी एक आराखडा तयार केला. तो प्रत्यक्षात आणण्याची उमेद ज्या थोड्या उद्योगपतींनी दाखवली त्यांत वालचंद सर्वांत पुढे होते. त्या वेळी भारतात मोटारी नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती आणि पाठोपाठ फोर्डही आली होती. पण या गाड्यांचे सुटे भाग परदेशातून पेट्यांत भरून येत आणि इथे फक्त जोडले जात. नट-बोल्टपासून सारे बाहेरचे, इथली फक्त मजुरी. वालचंदांना हेच नको होते.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले आणि बाळासाहेब खेरांच्या सरकारने या प्रकल्पाला मदत करण्याची तयारी दाखवली. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. प्रथम फोर्डकडे बोलणी झाली. पण ब्रिटिश साम्राज्यातील फोर्डचा कारभार कॅनडाच्या कंपनीकडे होता आणि तिला भारतात प्रतिस्पर्धी उभा करण्यात रस नव्हता. मग क्रायस्लरशी बोलणी जमली आणि १९४० मध्ये तंत्रज्ञानाचा करार झाला. आता फक्त यंत्रसामग्री आणायची होती. पण तोवर युद्ध पेटले होते, प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले होते आणि दिल्लीच्या सरकारला या कारखान्यात काडीचाही रस नव्हता. मोटार कारखाना हा युद्धप्रयत्नाचा भाग मानता येत नाही, असा निर्वाळा मिळाला आणि डॉलर नाकारले गेले. लष्कराला तर मालमोटारी हव्याच होत्या. त्या बाहेरून आल्या, सुट्या भागांच्या पेट्यांतून आल्या. भारतात गाडी घडवण्याचा कारखाना युद्धाला उपयोगी नाही आणि भारतात गाडी जोडण्याचा मात्र आहे, हा तर्क वालचंदांना अखेरपर्यंत पटला नाही. तो पटण्याजोगा नव्हताच.

याच अमेरिका दौऱ्याचे एक विलक्षण फलित आहे. परतीच्या वाटेवर पॅसिफिक ओलांडताना वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी गृहस्थाशी पडली. पॉली चीनमध्ये विमाने जोडण्याचा उद्योग करीत होते. मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाचा कारखाना डोक्यात घेऊन परतला. म्हैसूर संस्थानाने साथ दिली, दिवाण मिर्झा इस्माईल यांनी पुढाकार घेतला आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी नोंदली गेली. मोटारीला नाही म्हणणाऱ्या सरकारला विमानांची निकड होती, त्यामुळे इथे दारे उघडली. पुढच्याच वर्षी विमान आकाशात गेले. मात्र जपान युद्धात उतरल्यावर, १९४२ मध्ये, सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ती हीच. जहाजबांधणीचेही असेच झाले. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाभरणी झाली, १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी ‘जलउषा’ पाण्यात सोडली आणि १९५२ मध्ये त्या गोदीचा बहुतांश वाटा सरकारकडे गेला. एक परक्या सरकारने घेतला, दुसरा आपल्या. वालचंदांनी सुरू करावे आणि शासनाने चालवावे, असा जणू पायंडाच पडला होता.

मोटार तेवढी त्यांच्या हाती उरली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स नोंदली गेली, कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि १९४७ मध्ये तेथून क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, डिसोटो गाड्या बाहेर पडू लागल्या. एव्हाना बिर्लांची हिंदुस्थान मोटर्सही मैदानात आली होती. अमेरिकी गाड्या लांबरुंद, पेट्रोल पिणाऱ्या. नव्या भारताच्या मध्यमवर्गाला त्या परवडणाऱ्या नव्हत्या. म्हणून प्रीमियरने इटलीच्या फियाटशी संधान बांधले. वालचंदांच्या कारकिर्दीतला हा बहुधा शेवटचा मोठा निर्णय. आणि मुंबईच्या दृष्टीने सर्वांत दूरगामी.

कारण शरीर थकले होते. १९४९ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि पुढल्या वर्षी त्यांनी कामातून निवृत्ती घेतली. सतत आगगाड्या, बोटी आणि विमानांतून फिरणाऱ्या, एका वेळी डझनभर उद्योगांच्या फायली हाताळणाऱ्या माणसाला अंथरुणाला खिळावे लागले. कारभार गुलाबचंद, लालचंद आदी भावांनी सांभाळला. पत्नी कस्तुरबाई सोबत होत्या. गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचा अंत झाला.

त्यांच्या मागे जे राहिले ते मोजायला बसले तर यादी लांबते. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळरानावर साखर कारखान्याभोवती वसलेले वालचंदनगर, मालेगावजवळचे रावळगाव, साताऱ्याजवळचा कूपर कारखाना. या सगळ्यांत एक साम्य आहे. भांडवल जमण्याआधीच काम सुरू झालेले असे. वालचंद कर्जाला घाबरत नसत, त्यामुळे त्यांच्याबरोबर काम करणारे मात्र कायम धास्तावलेले असत. हिशेबाच्या कसोटीवर ते आदर्श उद्योजक ठरतील असे नाही. सावध माणसाने यातले निम्मे उद्योग हातीच घेतले नसते.

वालचंदांनी ज्यासाठी दिल्लीचे उंबरठे झिजवले ते संरक्षण त्यांच्या मृत्यूच्या वर्षी, १९५३ मध्ये, मिळाले. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले की, टप्प्याटप्प्याने गाडी इथेच घडवण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनीच राहावे. नुसत्या जोडणीवाल्यांनी जावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. मैदान मोकळे झाले. कुर्ल्याची फियाट, कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याची हिंदुस्थान आणि मद्रासची स्टँडर्ड अशा तीन कंपन्यांत देशाची मोटार वाटली गेली. १९५४ ची गोलमटोल फियाट, जिला मुंबईकर प्रेमाने डुक्कर फियाट म्हणत, मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, आणि १९६४ ची चौकोनी ११०० डी. तिचेच नाव १९७२ मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि नंतर पद्मिनी. इंजिन तेच, १०८९ सीसीचे. इटलीत ही गाडी बनणे कधीच थांबले, कुर्ल्यात मात्र ती शतक पालटेपर्यंत निघत राहिली.

संरक्षणाने काय दिले आणि काय हिरावले, याचा ताळा पद्मिनीच्या बॉनेटखाली पाहता येतो. दिले ते मोठे होते. कार्ब्युरेटर, गिअर, काच, स्प्रिंग, बॅटरी सारे देशात तयार होऊ लागले, मुंबई-पुण्याच्या पट्ट्यात सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांची साखळी उभी राहिली, कुर्ल्यात कुशल कामगारांच्या पिढ्या घडल्या. विश्वेश्वरय्यांनी सांगितलेली जननी खरोखर प्रसवली. हिरावले ते असे की, गाडी बदलण्याचे कारणच उरले नाही. आज पैसे भरावेत आणि वर्षानुवर्षे थांबावे. मिळेल ती गाडी नशीब समजून घ्यावी. पण दोष केवळ कारखानदारांचा म्हणणे अन्यायाचे होईल. मोटार ही चैन आहे असे ठरवून सरकारने उत्पादनाची मर्यादा परवान्याने बांधली आणि काही काळ विक्रीची किंमतही स्वतःच ठरवली. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जास्त गाड्या काढता येत नाहीत आणि जास्त किंमत घेता येत नाही, अशा स्थितीत नवी गाडी घडवायला पैसा कुठून येणार? त्यात सत्तरच्या दशकाच्या अखेरीस दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली कामगारांचा संघर्ष पेटला. वालचंदांनी मागितले होते ते रोपट्याभोवतीचे कुंपण. मिळाली ती चार भिंतींची, वर छप्पर असलेली खोली.

छप्पर उडाले डिसेंबर १९८३ मध्ये, मारुती ८०० आली तेव्हा. गंमत अशी की, ही सरकारी कंपनीची गाडी आरंभी जपानहून आलेल्या सुट्या भागांतूनच जोडली जात होती, आणि तिच्यापाठी सरकार उभे होते. वालचंद असते तर त्यांना हा प्रकार फार ओळखीचा वाटला असता. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई ही थोडी आधुनिक सेडान काढली, पण ग्राहक फिरला होता. पद्मिनी टॅक्सीवाल्यांच्या आधारावर तगून राहिली. १९९१ नंतर उदारीकरण आले, १९९३ मध्ये मोटारीवरचे परवाना बंधन गेले आणि सिएलो, ॲस्ट्रा, एस्कॉर्ट, सिटी अशा परदेशी नावांच्या सेडान दशकभरात दाखल झाल्या. त्यांतल्या दोन फोर्ड आणि जनरल मोटर्सच्या होत्या. चाळीस वर्षांपूर्वी गेलेले पाहुणे परतले होते. प्रीमियरनेही प्यूजोशी भागीदारी करून कल्याणच्या कारखान्यात ३०९ काढली, कुर्ल्याचा कारखाना फियाटबरोबरच्या नव्या व्यवस्थेत गेला. दोन्ही डाव फसले. १ एप्रिल २००१ पासून आयातीवरची संख्येची बंधनेही उठली.

मग सेडानचाच काळ उतरणीला लागला. खड्ड्यांचे रस्ते, उंच बसण्याची हौस, पाण्यातून निघण्याची खात्री, आणि रुबाब. एसयूव्हीने सारे जिंकले. इथे मुंबईच्याच दुसऱ्या एका घराण्याची आठवण होते. प्रीमियरच्या गाड्या कुर्ल्यातून निघू लागल्या त्याच सुमारास महिंद्रांनी याच शहरात विलिज जीप जोडायला घेतली होती. तेव्हा ती खेड्यापाड्यांची, तहसीलदाराची आणि पोलिसांची गाडी. शहरी सभ्य माणूस फियाट घेई. त्या जीपच्या वंशातून २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली आणि आज देशात विकल्या जाणाऱ्या प्रवासी वाहनांत निम्म्याहून अधिक वाटा या उंच गाड्यांचा आहे. उत्तरपाड्याची ॲम्बेसेडर मे २०१४ मध्ये थांबली. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री बंद केली, तळेगावचा तिचा कारखाना पुढे ह्युंदाईकडे गेला. फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादनातून अंग काढून घेतले. दुसऱ्यांदा गाशा गुंडाळताना त्यांना कोणी जा म्हटले नव्हते.

वालचंदांच्या कंपनीनेही एसयूव्ही काढून पाहिली. २००९ मध्ये चिंचवडहून ‘रिओ’ ही आखूड बांध्याची गाडी बाजारात आली. मूळ आराखडा जपानच्या दायहात्सूचा, तो चीनच्या झोत्येने उचललेला, आणि सुटे भाग चीनमधून पेट्यांत भरून आलेले. शिवडीच्या जोडणीवाल्यांविरुद्ध ज्या माणसाने आयुष्याची दहा वर्षे घालवली त्याच्या कारखान्याची ही शेवटची मोटार. ती फारशी चालली नाही. कुर्ल्याच्या जागेवर इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या एका रस्त्याला अजून प्रीमियर रोड म्हणतात आणि रिक्षावाले तेवढ्याच नावावर बरोबर नेऊन सोडतात.